'राम' ची लांबी ९ येते तेव्हा: सी लायब्ररीची फंक्शन्स स्वतः लिहून बघायची पद्धत

इंजिनिअरिंगच्या नाहीतर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सी चं प्रॅक्टिकल दिलेल्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी आलेला असतो, "लायब्ररी फंक्शन न वापरता स्ट्रिंगची लांबी काढा". आपण लूप लावतो, टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर उत्तर बरोबर येतं, जर्नलवर सही मिळते आणि विषय तिथेच मिटतो. मला हा प्रश्न मनापासून आवडतो, आणि वाईट याचंच वाटतं की तो जिथे खरा रंगायला लागतो तिथेच आपण उठून जातो. लूप लिहिणं हा त्यातला अगदी लहान भाग आहे. स्ट्रलेनने, म्हणजे लांबी सांगणाऱ्या लायब्ररीतल्या फंक्शनने, नेमकं काय काय कबूल केलंय आणि आपल्या चार ओळी ते सगळं पाळतात का, हे तपासायला बसलात की मग सी कळायला लागते.

पॅरिसला ४२ नावाची कोडिंगची शाळा आहे, २०१३ मध्ये सुरू झालेली, तिथे मुलांना सुरुवातीलाच स्वतःची छोटी सी लायब्ररी लिहायला लावतात आणि प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी एफटी अंडरस्कोर लावतात. शाळा नसली तरी आपण घरी बसून हेच करू शकतो, खर्च शून्य, फक्त संध्याकाळी तास-दीड तास आणि चिकाटी पाहिजे. मी कसं करतो आणि ज्युनिअर मुलांना कसं करायला लावतो ते सांगतो.

आधी तयारी

लिनक्स असेल तर उत्तम, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या, आणि टर्बो सी कृपया बाजूला ठेवा, त्यात इंट १६ बिटचा आहे आणि पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंच तुम्हाला तिथे दिसणारच नाही. कंपायलर जीसीसी चालेल, क्लँग चालेल. कंपाइल करताना ऑल आणि एक्स्ट्रा या दोन्ही वॉर्निंग चालू ठेवायच्या आणि सॅनिटाइझर (प्रोग्राम चालू असताना चुका पकडणारी कंपायलरची सोय) पण, ॲड्रेसवाला आणि अनडिफाइन्डवाला दोन्ही. ॲड्रेस सॅनिटाइझर असला की ॲरेच्या बाहेरचा एक बाइट जरी वाचलात तरी प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो आणि कुठल्या ओळीवर चुकलं ते दाखवतो, आणि तो नसला तर चुकीचा कोड महिनोन्‌महिने बरोबर असल्यासारखा चालत राहतो. शिकणाऱ्याचं यापेक्षा मोठं नुकसान दुसरं नाही.

फंक्शनला मूळ नाव देऊ नका, आधी माय अंडरस्कोर वगैरे काहीतरी लावा. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये तुमचं आणि खरं अशी दोन्ही फंक्शन्स शेजारी शेजारी बोलावता येतात आणि एकच इनपुट दोघांना देऊन उत्तरं ताडून बघता येतात. सगळ्या टेस्टिंगचा पाया हाच आहे.

आणि एडिटर उघडायच्या आधी टर्मिनलवर मॅन पेज, म्हणजे फंक्शनचं माहितीपत्रक, उघडा, मॅन, ३, मग फंक्शनचं नाव. एका कागदावर लिहून काढा, हे फंक्शन काय घेतं, काय परत देतं आणि कुठल्या परिस्थितीत हात वर करतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सी च्या स्टँडर्डमध्ये जागोजागी लिहिलेलं असतं की अमुक केलंत तर वर्तन अनडिफाइन्ड, म्हणजे काहीही होऊ शकतं आणि तक्रार करता येणार नाही. ही हद्द आपल्या शब्दांत मराठीत लिहून काढली की डोक्यात पक्की बसते, हा माझा अनुभव आहे.

स्ट्रलेन

कोड काय, पॉइंटरची एक कॉपी घ्यायची, शून्य किमतीचा बाइट सापडेपर्यंत ती पुढे सरकवायची, शेवटी सरकलेल्या पॉइंटरमधून मूळ पॉइंटर वजा करायचा. संपलं. आता प्रश्न सुरू.

परत काय द्यायचं, इंट? नाही, साइझ-टी, आणि तो अनसाइन्ड असतो. याचा परिणाम असा की कोणी दोन स्ट्रिंगच्या लांबीची वजाबाकी करून ती शून्यापेक्षा मोठी आहे का असं विचारलं, तर पहिली स्ट्रिंग लहान असली तरी उत्तर हो येतं, कारण अनसाइन्ड वजाबाकी निगेटिव्ह होतच नाही, ती उलटी फिरून प्रचंड मोठी संख्या होते. एकदा हे मुद्दाम करून बघा आणि आलेला आकडा छापा.

नल पॉइंटर, म्हणजे कुठेच न दाखवणारा, आला तर? इथे मुलं हमखास एक इफ टाकतात आणि शून्य परत देतात. मी नको म्हणतो. स्टँडर्डने नलची जबाबदारी बोलावणाऱ्यावर टाकलीये, आणि तुम्ही शून्य दिलंत तर त्याची चूक झाकली जाते, मग ती तीन फंक्शन पुढे जाऊन कुठेतरी भलतीकडे फुटते. फारतर असर्ट टाका, म्हणजे अट मोडली की प्रोग्राम तिथेच थांबेल.

आता आपल्या कामाची टेस्ट. 'राम' ही स्ट्रिंग द्या. अक्षरं म्हणाल तर दोन, रा आणि म. युनिकोडचे कोडपॉइंट म्हणाल तर तीन, र, काना आणि म. स्ट्रलेन सांगतं ९. चुकलं नाहीये ते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो आणि स्ट्रलेन बाइट मोजतं, अक्षराशी त्याचं काही देणंघेणं नाही. मॅन पेजवर बाइट हा शब्द का आहे ते या एका टेस्टने जेवढं कळतं तेवढं इंग्रजी शब्द टाकून वर्षभरात कळत नाही. म्हणून माझा नियमच आहे, प्रत्येक स्ट्रिंग फंक्शनच्या टेस्टमध्ये निदान एक मराठी नाव असलंच पाहिजे.

स्ट्रकम्प, आणि रामरावांची गोष्ट

स्ट्रकम्प दोन स्ट्रिंगची तुलना करून आधी कोण ते सांगतं. हे जरा सावकाश बघू, कारण इथे बहुतेक सगळे एकच चूक करतात आणि टेस्ट पास झाल्या म्हणून ती कोणाला कळत नाही.

दोन पॉइंटर, दोन्हीकडचे बाइट सारखे आहेत आणि शून्य आलेला नाही तोपर्यंत दोन्ही पुढे, थांबलो की दोन बाइटची वजाबाकी परत द्यायची. 'पुणे' आणि 'पुणे' दिलं, शून्य आलं. इंग्रजी नावं दिली, क्रम बरोबर आला. आता 'राम' आणि 'रामराव' द्या. कुठल्याही यादीत राम आधी यायला पाहिजे, बरोबर ना? साध्या इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर तुमचं फंक्शन म्हणेल रामराव आधी.

काय झालं बघा. पहिले नऊ बाइट दोन्हीकडे सारखे, दहाव्या जागी 'राम' मध्ये शेवटचं शून्य आहे आणि 'रामराव' मध्ये पुढच्या र चा पहिला बाइट, २२४. देवनागरीतल्या प्रत्येक कोडपॉइंटचा पहिला बाइट २२४ च असतो. पण या मशीनवर साधा कॅर (एका बाइटचा टाइप) साइन्ड आहे, त्याची रेंज उणे १२८ ते १२७, त्यामुळे तो २२४ वाचला जातो उणे ३२ असा. शून्य वजा उणे ३२ म्हणजे अधिक ३२, म्हणजे राम मोठा, म्हणजे राम नंतर. खऱ्या स्ट्रकम्पला दिलंत तर उत्तर निगेटिव्ह येतं, राम आधी, कारण स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय की तुलना अनसाइन्ड कॅर समजून करायची. वजाबाकीच्या आधी दोन्ही बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करा, चूक गेली.

यात अजून एक मेख आहे. तोच चुकीचा कोड रास्पबेरी पाय वर लिनक्समध्ये चालवलात तर उत्तर बरोबर येतं, कारण एआरएम लिनक्सवर साधा कॅर मुळातच अनसाइन्ड असतो. म्हणजे एकाच्या मशीनवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. शिवाय दोन्ही नावं मराठीच असतील आणि फरक दोन देवनागरी बाइटमध्येच पडत असेल तर चूक दिसतच नाही, कारण दोन्ही बाइट निगेटिव्ह होतात आणि त्यांचा आपसातला क्रम तोच राहतो. एक नाव दुसऱ्याची सुरुवात असेल किंवा यादीत इंग्रजी-मराठी मिसळलेलं असेल तेव्हाच ती बाहेर येते. मी एका ठिकाणी काम करत असताना ग्राहकांच्या यादीत नेमकं असंच व्हायचं, छोटी नावं मोठ्या नावांच्या खाली जाऊन बसायची, आणि दोन दिवस सगळे डेटाबेसमध्ये शोधत होते.

टेस्ट लिहिताना एक काळजी घ्या, खऱ्या स्ट्रकम्पशी आकडा ताडू नका, फक्त चिन्ह ताडा. स्टँडर्ड फक्त निगेटिव्ह, शून्य की पॉझिटिव्ह एवढंच सांगतं, आकडा किती ते लायब्ररीवर आहे. आणि हा फरक पुस्तकी नाही. २०१२ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सापडलेली एक चूक बघा, पासवर्ड तपासताना मेमकम्पचं (स्ट्रकम्पसारखंच, पण ठराविक बाइट ताडणारं) इंट उत्तर एका बाइटमध्ये कोंबलं जात होतं, आणि काही बिल्डमध्ये वापरलेलं वेगवान मेमकम्प एका बाइटच्या रेंजबाहेरचे आकडे परत द्यायचं. आकडा २५६ च्या पटीत आला की खालचा बाइट शून्य, आणि शून्य म्हणजे 'जुळलं'. चुकीचा पासवर्ड सरासरी २५६ वेळा टाकलात की एकदा आत. मेमकम्पने आपलं वचन पाळलं होतं, वापरणाऱ्याने ते वाचलं नव्हतं.

मेमकॉपी आणि मेममूव्ह

हे दोघं जोडीनेच लिहायचे. मेमकॉपी म्हणजे अमुक इतके बाइट इथून तिथे, साधा लूप. पण त्याची अट अशी की दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या नकोत. चढलेल्या असतील तर मेममूव्ह वापरायचं.

कागदावर सहा चौकोन काढा, पहिल्या पाचात १ २ ३ ४ ५ लिहा, सहावा रिकामा. हे पाच आकडे एक घर उजवीकडे सरकवायचेत. डावीकडून सुरू केलंत तर दुसऱ्या चौकोनात १ गेला, तिथला २ पुसला गेला, मग तिसऱ्यात दुसऱ्यातला म्हणजे परत १ गेला, असं करत शेवटी १ १ १ १ १ १. उजवीकडून सुरू केलंत तर सहाव्यात ५, पाचव्यात ४, आणि शेवटी १ १ २ ३ ४ ५, म्हणजे पाहिजे होतं तेच. एसटीच्या मागच्या लांब सीटवर एकाला जागा करून द्यायची असेल तर खिडकीकडच्या शेवटच्या माणसाने आधी सरकावं लागतं, बरोबर तसंच. डावीकडे सरकवायचं असेल तर उलट, पहिल्याने आधी. तर मेममूव्हमध्ये निर्णय एवढाच, जायची जागा मूळ जागेच्या पुढे असेल तर मागून कॉपी करा, नाहीतर पुढून. कागदावर दोन्ही दिशा स्वतः करून बघितल्याशिवाय कोड लिहू नका, खरंच सांगतो, पाच मिनिटं जातात पण मग कधी विसरत नाही.

दोन पॉइंटरमध्ये पुढे कोण हे विचारणं, ते एकाच ॲरेतले नसतील तर, सी च्या नियमात बसत नाही. सराव म्हणून दोघांना यूइंटपीटीआर-टी (पत्ता मावेल असा पूर्णांकाचा टाइप) मध्ये कास्ट करून तुलना करा आणि कॉमेंटमध्ये कारण लिहा.

'माझ्या मशीनवर मेमकॉपीने पण चाललं की' असं कोणी म्हणालं तर त्याला २०१० सालची गोष्ट सांगा. फेडोरा १४ हे लिनक्स आलं, त्यातल्या जीलिबसी या सी लायब्ररीमधलं नवं मेमकॉपी वेगासाठी काही प्रोसेसरवर मागून पुढे कॉपी करायला लागलं, आणि ६४ बिटच्या फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटायला लागला. फ्लॅश चढलेल्या जागांवर मेमकॉपी वापरत होता आणि जुन्या मेमकॉपीची दिशा योगायोगाने त्याच्या सोयीची होती. नियमाने बघितलं तर चूक फ्लॅशची, पण लोकांचे व्हिडिओ बिघडले होते, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स लायब्ररीवाल्यांवर नाराज झाले, भरपूर वाद झाला. शेवटी जीलिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवा व्हर्जन नंबर दिला गेला आणि आधी कंपाइल झालेल्या प्रोग्रामना चढलेल्या जागा सांभाळणारं जुनं वर्तन मिळत राहिलं. मला दोन्ही बाजू पटतात, पण आपण लिहिताना मात्र वचन वाचूनच लिहायचं.

एक सूचना. कधीतरी तुम्हाला मोह होईल की आपलं मेमकॉपी मूळ नावानेच लिहून खऱ्याच्या जागी बसवावं. बसवा, पण ऑप्टिमायझेशन ओ-टू किंवा ओ-थ्री वर ठेवून चालवलंत तर प्रोग्राम स्टॅक भरून पडू शकतो, आणि तुम्ही लूपकडे बघत बसाल, लूप तर बरोबर आहे. होतं असं की कंपायलर तुमचा बाइट-बाइट लूप ओळखतो, म्हणतो अरे हे तर मेमकॉपी, आणि लूपच्या जागी मेमकॉपीला कॉल टाकतो, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं. मला हे पहिल्यांदा समजलं ते असेंब्ली उघडून बघितल्यावरच, आतमध्ये फक्त एक कॉल होता. जीसीसीमध्ये हे ओळखणं बंद करायला फ्लॅग आहे, नाव लांब आहे, नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स. तुमच्या सीमधून काय तयार होतं हे बघायची सवय लावायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही, ओबीजेडंप (तयार प्रोग्रामची असेंब्ली दाखवणारं टूल) चालवा आणि बघा.

स्ट्रएनकॉपी

नावावरून वाटतं की स्ट्रकॉपीचं सुरक्षित रूप. तसं नाहीये. मूळ स्ट्रिंग दिलेल्या मापाएवढी किंवा मोठी असेल तर हे शेवटचं शून्य टाकतच नाही, आणि लहान असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरत बसतं. हे विचित्र वागणं कळायला इतिहास बघावा लागतो, जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीच्या नोंदीत फाइलच्या नावाला नेमके १४ बाइट असायचे, नाव लहान असलं तर बाकी शून्यं, बरोबर १४ असलं तर शून्य नाहीच. त्या ठराविक मापाच्या खान्यासाठी हे फंक्शन आलं. तुम्ही लिहाल तेव्हा हे दोन्ही गुण जसेच्या तसे पाळा, सुधारणा करू नका.

सुधारलेलं पाहिजे असेल तर लगेच पुढचं स्ट्रएलकॉपी लिहा. हे १९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलं, नेहमी शून्य टाकतं (माप शून्य दिलं नसेल तर) आणि परत देतं मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी, म्हणजे परत आलेला आकडा मापाएवढा किंवा जास्त असेल तर काहीतरी कापलं गेलं हे कळतं. जीलिबसी ने ते घ्यायला २०२३ उजाडलं, २.३८ मध्ये आलं. आणि इथे परत मराठी टेस्ट, 'राम' पाच बाइटच्या बफरमध्ये कॉपी करा. चार बाइट आणि शून्य, म्हणजे र पूर्ण आणि कान्याचा फक्त पहिला बाइट. छापलंत तर र पुढे चौकटीत प्रश्नचिन्ह वगैरे दिसेल. फंक्शनने काही चूक केली नाही, पण मोबाइलवर येणाऱ्या मराठी मेसेजच्या शेवटी तो तुटका चौकोन का दिसतो त्याचं एक कारण हातात येतं.

गेट्स नावाचं, इनपुटची ओळ वाचणारं फंक्शन जुन्या नोट्समध्ये सापडेल, ते लिहायच्या भानगडीत पडू नका. बफर केवढा आहे हे त्याला कळायची सोयच नाही, १९८८ च्या मॉरिस वर्मने (इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम) आत शिरायला जे रस्ते वापरले त्यातला एक हाच होता, आणि सी-११ मध्ये ते स्टँडर्डमधून काढून टाकलं.

एटूआय आणि कॅरेक्टरची फंक्शन्स

एटूआय स्ट्रिंगमधले अंक वाचून संख्या बनवतं. सुरुवातीच्या स्पेस, टॅब, नवी ओळ वगळा, अधिक किंवा उणे चिन्ह एकदाच घ्या, मग अंक येत आहेत तोपर्यंत जुनी बेरीज गुणिले दहा अधिक नवा अंक. अंकाची किंमत काढायला त्यातून शून्य हे कॅरेक्टर वजा करायचं, ४८ नाही लिहायचं, कारण शून्य ते नऊ लागोपाठ असतात हे स्टँडर्डने सांगितलंय पण ते ४८ पासूनच सुरू होतात असं नाही.

आता द्या उणे २१४७४८३६४८. इंटची सगळ्यात लहान किंमत. तुम्ही आधी २१४७४८३६४८ बनवून मग चिन्ह लावणार, पण इंटमध्ये पॉझिटिव्ह बाजूला २१४७४८३६४७ पर्यंतच जागा आहे, एकाने कमी. सॅनिटाइझर लगेच ओरडेल. मला आवडणारा उपाय, बेरीज सुरुवातीपासून निगेटिव्हमध्येच करा, म्हणजे अंक मिळवायच्या ऐवजी वजा करत जा, आणि शेवटी संख्या पॉझिटिव्ह असेल तर चिन्ह उलटा. निगेटिव्ह बाजूला एक जागा जास्त आहे तिचा फायदा घ्यायचा. मसल नावाच्या छोट्या सी लायब्ररीत हेच केलंय. त्याहून मोठी संख्या आली तर एटूआय हात वर करतं, आणि म्हणूनच पुढचं काम स्ट्रटूएल लिहायचं, जे रेंजबाहेर गेलं तर एररनो या चुकीचा नंबर ठेवणाऱ्या जागेत सांगतं आणि कुठे थांबलो ते पण दाखवतं.

'१२३' असे मराठी अंक दिलेत तर खरं एटूआय शून्य देतं, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. मी मुलांना इथे एक जास्तीचं काम देतो, स्वतःचं वेगळं फंक्शन लिहा जे देवनागरी अंक वाचेल. त्यासाठी ० ते ९ चे तीन-तीन बाइट शोधावे लागतात, पहिले दोन २२४ आणि १६५, तिसरा १६६ पासून १७५ पर्यंत, आणि त्यात यूटीएफ-८ आपोआप शिकून होतं.

इजअल्फा, इजडिजिट (अक्षर आहे का, अंक आहे का) ही फंक्शन्स दिसायला सोपी, पण त्यांना दिलेली किंमत अनसाइन्ड कॅरमध्ये बसणारी किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) असलीच पाहिजे अशी अट आहे. देवनागरीचा बाइट साध्या कॅरमधून सरळ दिलात तर जातो उणे ३२, आणि आतमध्ये टेबल वापरलं असेल तर ॲरेच्या मागे जाऊन वाचलं जातं. म्हणजे परत रामरावच.

मॅलॉक शेवटी, पण करायचंच

मॅलॉक म्हणजे मेमरीचा तुकडा मागायचं फंक्शन, फ्री म्हणजे तो परत करायचं. याला एक रविवार द्या. सुरुवातीला एकच मोठा स्टॅटिक ॲरे घेऊन त्यातून तुकडे कापून द्या, फ्री काहीच करत नाही. ते चाललं की प्रत्येक तुकड्याच्या आधी छोटा हेडर ठेवा, माप किती आणि मोकळा आहे का, मग फ्री म्हणजे हेडरमध्ये खूण करणं, आणि मग शेजारचे दोन मोकळे तुकडे जोडणं. परत देणारा पत्ता १६ च्या पटीत ठेवा, नाहीतर काही मशीनवर काही टाइप वापरले की प्रोग्राम पडेल.

कॅलॉक (अमुक नग, प्रत्येकी अमुक बाइट अशी मेमरी मागायचं फंक्शन) लिहिताना गुणाकारावर नजर ठेवा. ३२ बिट मशीनवर कोणी ६५५३६ नग, प्रत्येकी ६५५३७ बाइट मागितले तर गुणाकार ४२९५०३२८३२ होतो, तो ३२ बिटमध्ये मावत नाही, उरतात ६५५३६. तुम्ही खुशाल ६५५३६ बाइट देता आणि समोरचा समजतो चार जीबी मिळाले. आधी भागाकार करून तपासा, मग गुणा.

प्रिंटेफची छोटी आवृत्तीही याच्या आसपास लिहून टाका, टक्का-डी, टक्का-एस, टक्का-सी, टक्का-एक्स एवढं पुरे. त्यात लक्षात ठेवायचं म्हणजे कॅर आत येताना इंट होऊन येतो आणि फ्लोट डबल होऊन, आणि फंक्शन छापलेल्या बाइटची संख्या परत देतं, ती बहुतेक जण विसरतात. उणे २१४७४८३६४८ इथेही वाट बघत असतोच.

मग दुसऱ्याचा कोड

तुमचं लिहून, टेस्ट होऊन, सॅनिटाइझर गप्प बसला की मगच मसलचा सोर्स उघडा, आधी नाही. त्यांचं स्ट्रलेन ६४ बिट मशीनवर एकावेळी आठ बाइट उचलतं. युक्ती अशी, प्रत्येक बाइटमधून एक वजा केला की शून्य असलेल्या बाइटचा वरचा बिट चालू होतो, मग फक्त वरचे बिट तपासायचे, कुठे चालू दिसला तर तिथून पुढे एकेक बाइट बघायचा. पण ज्या बाइटचा वरचा बिट आधीपासूनच चालू आहे तो पण इथे बहुतेक वेळा शून्यासारखा दिसतो, म्हणून मूळ आठ बाइटमधला प्रत्येक बिट उलटा करून त्याच्याशी अँड लावतात आणि ते खोटे इशारे गाळतात.

तो अँड काढून टाका आणि चालवा. सगळ्या टेस्ट पास होतील, 'राम' चे ९ च येतील, कारण खोटा इशारा आला तरी पुढे एकेक बाइट मोजून उत्तर बरोबरच निघतं. इंग्रजी मजकुरावर वेगही तेवढाच राहील. पण देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा वरचा बिट चालू असतो, त्यामुळे मराठी मजकूर आला की पहिल्या आठ बाइटलाच इशारा आणि तिथून पुढे शेवटपर्यंत एकेक बाइट. एक लाख अक्षरांची मराठी फाइल घ्या, तेवढ्याच बाइटची इंग्रजी फाइल घ्या, दोन्हीवर दोन्ही आवृत्त्या हजार-हजार वेळा चालवून वेळ मोजा आणि चार आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.